'वितळतं' नाही हो, विस्कटतं

संपादक साहेब, नमस्कार.

परवाच्या रविवारी तुमच्या पुरवणीत शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात एक चौकट आली होती, उजेड पडला की वाकणाऱ्या प्लास्टिकची. बातमी चांगली, फोटो पण चांगला, पण त्यात लिहिलंय की अतिनील किरण पडले की हे प्लास्टिक "उष्णतेमुळे वितळून वाकतं", आणि वर कुणीतरी हौसेनं जोडलंय की आपल्या सोलापूरच्या उन्हात तर याला मरण नाही. मी काही शास्त्रज्ञ नाही. ३१ वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत डाइंगला काढली, आधी हेल्पर मग रंगमास्तर, आता घरी बसून पेपर शेवटच्या पानापासून वाचतो. पण ते वाक्य वाचलं आणि हातातला चहा गार झाला बघा. उष्णता पण चूक, वितळणं पण चूक. आणि गंमत अशी की या बातमीचे दोन्ही अर्धे भाग मी स्वतःच्या डोळ्यानं बघितलेत, एक गाडीच्या मीटरमध्ये आणि एक नारंगी सुताच्या लॉटमध्ये, फक्त तेव्हा कळलं नव्हतं आपण काय बघतोय ते. भाची एम.एस्सी. करतीय केमिस्ट्रीत, तिनं चार रविवार डोकं खाऊ दिलं तेव्हा टाळक्यात उजेड पडला. पत्र लांबलं तर कापा, पण चूक तेवढी दुरुस्त करा.

आधी मीटरचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना, ४३-४४ डिग्री, सात रस्त्याजवळ एका ऑफिसात काम होतं, गाडी बाहेर उन्हात, झाड नाही काही नाही. दीड तासानं आलो तर स्कूटरच्या मीटरची काच पूर्ण काळी. आकडे दिसेनात, पेट्रोल किती कळेना. तसाच गॅरेजला गेलो, तिथला पोरगा बघून म्हणला काका मीटर गेला, नवीनच बसवावा लागंल, २,८०० रुपये. दिले. गॅरेज कुठलं ते सांगत नाही, पोरगं कष्टाळू आहे आणि त्याला तरी कुणी शिकवलंय. जुना मीटर मात्र मागून घेतला, आमची सवयच आहे, लॉट बाद झाला तरी नमुना ठेवायचा. संध्याकाळी कट्ट्यावर बसून पिशवीतनं काढला तर काच निवळशंख! काळेपणाचा मागमूस नाही. नातवानं केस वाळवायचा ड्रायर आणून लावला त्याला, बॅटरी न जोडताच, तर मधोमध एक काळा डाग उगवला आणि तेलाचा थेंब कागदावर पसरावा तसा कडेपर्यंत पसरत गेला, ड्रायर बंद केला की कडेनं आत आत येत परत निवळला. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच. २,८०० रुपयांचं खेळणं झालं ते.

तर त्या काचेत जो पातळ थर असतो तो लिक्विड क्रिस्टल, मराठीत द्रवस्फटिक म्हणतात. त्याचे रेणू काडीसारखे लांबट. घन पदार्थात प्रत्येक रेणूची जागा ठरलेली आणि तोंडही ठरलेलं, पाण्यात ना जागा ना तोंड, आणि हे मधलंच काहीतरी. आपल्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज कसे उभेच्या उभे असतात पण मिरवणूक तर वाहत असते की, कुठला ध्वज पुढं कुठला मागं, जागा बदलते, उभेपणा सोडत नाहीत. तसंच हे, वाहतं पण आणि एका दिशेला उभं पण. मीटरच्या काचेत या काड्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना हळूहळू ९० अंशात वळत गेलेल्या असतात, त्यांच्याबरोबर उजेड वळतो आणि पलीकडच्या पोलरॉइडच्या, म्हणजे एकाच दिशेचा उजेड सोडणाऱ्या, पट्टीतनं पार होतो. काच एका हद्दीच्या वर तापली की काड्यांची दिशा मोडते, जत्रा पांगल्यासारखी, उजेड वळत नाही, पलीकडची पट्टी त्याला अडवते, काच काळी. गार झाली की काड्या परत एका दिशेला. इथं वितळलं काय? काही नाही. आधी पण पातळ होतं, नंतर पण पातळच. मोडली ती शिस्त.

हे पहिल्यांदा ज्यानं बघितलं तो तर झाडापानांचा अभ्यास करणारा माणूस होता, फ्रीडरिश रायनिट्झर, प्रागमध्ये, १८८८ साली. कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ तो तापवत होता तर तो १४५.५ अंशाला वितळला पण गढूळ राहिला, आणि १७८.५ अंशाला एकदम नितळ झाला. म्हणजे एकच पदार्थ दोनदा वितळतोय की काय? त्यानं ते जर्मनीतल्या ओटो लेमान या फिजिक्सवाल्याला पाठवलं, त्याच्याकडं तापवत तापवत बघायचा मायक्रोस्कोप होता, आणि तिथनं हा सगळा विषय सुरू झाला. पहिलं ते वितळणं, दुसरं ते विस्कटणं. तुमच्या बातमीत नेमकी हीच गल्लत झालीय, आणि सव्वाशेच्या वर वर्षांपूर्वी सुटलेली गल्लत आहे ती.

मीटरमधल्या काड्यांसारख्या, वाहत्या पण एका दिशेला उभ्या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात, हे नाव १९२२ ला फ्रान्सच्या जॉर्ज फ्रिडेलनं दिलं, ग्रीक भाषेत नेमा म्हणजे धागा. हे ऐकलं आणि मी भाचीला म्हणलं बघ, आपल्या गावाचाच विषय आहे हा. मला वाटलं रेणू धाग्यासारखे लांब म्हणून नाव. ती म्हणली नाही मामा, मायक्रोस्कोपमध्ये धाग्यासारख्या रेघा दिसतात, आणि त्या रेघा म्हणजे मांडणीतले दोष, जिथं दिशा जुळत नाही ती जागा. आता हे तर आम्ही रोज बघायचो, ताण्याची तार तुटली की कापडात उभी रेघ पडते, फोल्डिंगच्या टेबलावरची बाई ती लांबनंच ओळखते. दोषावरनं नाव पडलं बिचाऱ्याचं.

आता नारंगी लॉट. एका पार्टीचा पॉलिस्टर धाग्याचा रंगाईचा माल होता, झगझगीत नारंगी. शेड मी सकाळी मॅच करून नमुना खिडकीत ठेवला, अर्ध्यावर पुठ्ठ्याचं शेडकार्ड पडलेलं, दुपारी पार्टीचा माणूस आला, नमुना उचलला तर अर्धा भाग मळकट तांबूस आणि पुठ्ठ्याखालचा भाग जशाच्या तसा नारंगी. झालं! रंग उडतो म्हणून लॉट नाकारला, मालकानं सगळ्यांसमोर मला धुतला. रात्री दहाला शिफ्ट सुटताना तोच नमुना कपाटातनं काढला तर सगळा एकसारखा नारंगी. मी म्हणलं भूत आहे काय यात. रंग उडाला असता तर परत आला असता का? दुसऱ्या दिवशी परत खिडकीत ठेवला, परत मळकट, परत कपाटात, परत नारंगी. मालक म्हणला तुझं डोकं फिरलंय, आणि लॉट गेला निम्म्या भावात. नंतर कळलं की रंगाईच्या धंद्यात याला नाव आहे, फोटोक्रोमिझम, आणि ते तपासायची रीतसर टेस्ट पण आहे, आयएसओ १०५ या आंतरराष्ट्रीय मानकातली बी०५. ही टेस्ट तेव्हा माहिती असती तर त्या दिवशी माझी मान खाली गेली नसती, असो.

यामागं जो रेणू आहे त्याचं नाव ॲझोबेंझीन, आणि हा आमच्या धंद्याचा पूर्वज. आपण जे ॲझो रंग म्हणतो, लाल पिवळे नारंगी, ज्यातल्या काहींवर १९९७ ला बंदी आली आणि तेव्हा एमआयडीसीत नुसती पळापळ झाली होती, ते सगळे याच्याच घराण्यातले. मधे दोन नायट्रोजन हातात हात धरून आणि दोन्हीकडं एकेक बेंझिनचं कडं. एरवी हा रेणू सरळ असतो, काडीपेटीतल्या काडीसारखा. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील उजेड पडला की तो मधेच मोडून गुडघ्यात वाकल्यासारखा होतो, लांबी साधारण ९ अँगस्ट्रॉमवरनं (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) साडेपाचवर येते. निळा उजेड टाकला की परत सरळ, नाहीतर नुसतं अंधारात ठेवलं तरी हळूहळू आपोआप सरळ. तुटत फुटत काही नाही. हे वाकडं रूप हार्टली नावाच्या इंग्रज केमिस्टनं १९३७ ला शोधलं, आणि कसं शोधलं, तर द्रावणाचा रंग मोजताना आकडे सारखे येईनात, उजेडात ठेवलेलं वेगळं आणि अंधारातलं वेगळं. म्हणजे त्याची पण शेड मॅच होत नव्हती हो! फरक एवढाच की त्याचं नाव झालं आणि माझा लॉट गेला.

तर तुमच्या बातमीतलं प्लास्टिक म्हणजे माझा मीटर आणि माझा नारंगी लॉट यांचं लग्न लावून दिलंय असं समजा. पॉलिमरच्या, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या, लांब साखळ्या घ्यायच्या, त्यांना अधूनमधून गाठी मारून जाळं करायचं, आणि त्या साखळ्यांवर द्रवस्फटिकाच्या काड्या बसवायच्या, त्यातल्या काही काड्या ॲझोबेंझीनच्या. काड्या सगळ्या एका दिशेला उभ्या केल्या की त्यांच्या ओढीनं साखळ्या पण त्याच दिशेला ताणल्या जातात, बीमवरचा ताणा जसा. आता अतिनील उजेड टाकला. ॲझोच्या काड्या गुडघ्यात वाकल्या, आणि सरळ काड्यांच्या गर्दीत हे वाकडे मावेनात, शेजाऱ्यापाजाऱ्यांची पण दिशा बिघडवायला लागले. वाकड्यांची संख्या वाढली की सगळी शिस्तच मोडते, साखळ्यांवरची ओढ सुटते, त्या गोळा होतात आणि अख्खा तुकडा त्या दिशेनं आखडतो, आडवा थोडा फुगतो. आपली चादर पहिल्या धुण्यात का आटते? मागावर जो ताण दिलेला असतो तो पाण्यात सुटतो म्हणून. फक्त आपली चादर एकदा आटली की आटली, गिऱ्हाईक बोंबलतं, आणि हे उजेड बदलला की परत लांब होतं.

आता खरी मेख इथं आहे आणि ही मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मीटरमध्ये शिस्त मोडली कारण काच त्या हद्दीच्या वर तापली. इथं तापमान कुणी वाढवलंच नाही. मग मोडली कशी? तर हद्दच खाली आली. उन्हाळ्यात पॉटचं आइस्क्रीम करताना बर्फात मीठ टाकतो की नाही आपण, मीठ टाकल्यावर बर्फ शून्याच्या खालीच पाणी व्हायला लागतो, आपण तो तापवत नाही, त्याची वितळायची पायरीच मीठ खाली ओढतं. वाकडे ॲझो म्हणजे त्या काड्यांच्या गर्दीतलं मीठ. आणि हे मीठ आपण उजेडानं टाकू पण शकतो आणि दुसऱ्या रंगाच्या उजेडानं काढून पण घेऊ शकतो, असलं मीठ कुणाच्या घरात आहे सांगा.

"पण मग वाकतं कसं, आखडायला पाहिजे ना," असं आमच्या शेजारच्या अण्णांनी विचारलं, बरोबर विचारलं. गच्चीवर पापड घातलेत कधी? वरची बाजू आधी सुकते, आखडते, खालची अजून ओली, म्हणून पापड वर कडा उचलून वाकतो. तसंच हे. ॲझोबेंझीन अतिनील उजेड इतका पितं की पातळ पट्टीच्या वरच्या साधारण एका मायक्रॉनमध्येच, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातच, जवळपास सगळा उजेड संपतो, खालपर्यंत पोचतच नाही. वरची साय आखडली, खालचं तसंच, पट्टी उजेडाकडं वाकली. पापडाला परत सपाट करता येत नाही, याला येतं, एवढंच.

आणि उष्णतेनं होत नाही याचा पुरावा पण यातच आहे. वाकलेल्या पट्टीवर दुसरा, डोळ्याला दिसणारा उजेड टाकला की ती सरळ होते. उष्णतेचं काम असतं तर अजून उजेड टाकून अजून वाकली असती, सरळ कशाला झाली असती? जपानमध्ये तोमिकी इकेदा आणि त्यांच्या मंडळींनी २००३ ला तर अजून पुढचं दाखवलं, पोलराइज्ड उजेडाची दिशा फिरवली की त्याच पट्टीची वाकायची दिशा फिरते. उजेडाला पण उभं-आडवं असतं, ताणा-बाण्यासारखं, आणि पट्टी ते ओळखते. नुसत्या उष्णतेला हे जमेल काय? उष्णतेवर चालणारे प्रकार पण असतात, उजेड पिऊन तापणारे आणि मग मीटरसारखेच शिस्त मोडणारे, ते मी नाकारत नाही, पण तुमच्या चौकटीत फोटोखाली जी निळ्या उजेडानं सरळ होणारी पट्टी लिहिलीय ती त्यातली नाही.

हे काही कालचं पण नाही. पिएर-जिल द जेन, ज्यांना १९९१ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यांनी १९७५ लाच लिहून ठेवलं होतं की असल्या जाळ्याची शिस्त मोडली की आकार बदलणार. जर्मनीत हाइनो फिंकलमान यांच्याकडं २००१ ला उजेडानं सुमारे २० टक्के आखडणारा रबरासारखा तुकडा झाला. आणि मला सगळ्यात आवडलं ते २००८ चं जपानचंच, दोन छोट्या पुली, त्यावर या पॉलिमरचा पट्टा, एका पुलीजवळ अतिनील उजेड आणि दुसऱ्याजवळ दृश्य उजेड, की पट्टा फिरायला लागतो. ना मोटर ना वायर. माझे वडील मिलमध्ये होते, लाइनशाफ्टचे चामडी पट्टे वरनं फटाफट फिरायचे आणि त्यात कुणाचं धोतर अडकलं की काय व्हायचं याच्या गोष्टी सांगायचे. त्यांना हे दाखवायला पाहिजे होतं.

आता राहिलं आपलं ऊन. ॲझो रंग दिलेले आपले टॉवेल उन्हात का वाकत नाहीत, असं नातू विचारतो. एक तर रंग कापसात पसरून बसलेला, काड्या एका दिशेला नाहीत, एकानं गुडघा वाकवला तरी शेजाऱ्याला पत्ता नाही. आणि दुसरं, रंगाईचे बरेच ॲझो रेणू वाकले तरी डोळ्याची पापणी लवायच्या आत सरळ होतात. तिसरं म्हणजे ऊन जास्त म्हणून काम जास्त हा हिशोबच इथं चालत नाही. उन्हात अतिनील भाग थोडा, शंभरात पाचच्या आतबाहेर, आणि त्याच उन्हात सरळ करणारा उजेड भरपूर, एक हात वाकवतोय आणि दुसरा सरळ करतोय. वर उष्णता वाढली की वाकडे रेणू आपणहून अजून लवकर सरळ होतात. ज्यांच्याकडं उन्हात काळा होणारा चष्मा आहे त्यांनी बघावं, त्यातला रेणू वेगळा पण खोड तीच, मे महिन्यात तो जेवढा काळा व्हायला पाहिजे तेवढा होतच नाही, आणि थंडीत महाबळेश्वरला गेलं की गडद. दुकानदाराशी भांडू नका. नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला २०१६ मध्ये ॲझोत फ्लोरिन घालून उन्हात आपोआप फडफडत राहणारी पट्टी केली, म्हणजे उन्हावर चालवता येतं, पण त्यासाठी रेणू मुद्दाम तसा बनवावा लागतो, सोलापूरला आणून उन्हात ठेवलं की पळालं असं नाही.

एक तक्रार अजून आहे. अख्ख्या चौकटीत जपान, युरोप, अमेरिका, आणि आपल्याकडचं एक अक्षर नाही. उद्यान एक्स्प्रेसनं एका रात्रीत जिथं पोचतो त्या बंगळूरला, रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ ला द्रवस्फटिकाचा एक नवाच प्रकार जगाला दाखवला होता. हे चंद्रशेखर म्हणजे सी. व्ही. रामन यांचे भाचे. तोपर्यंत सगळ्यांना काडीसारखे रेणूच माहिती, यांनी चकतीसारखे रेणू दाखवले जे एकावर एक रचून उभे राहतात, आपल्या कडक भाकरीची चवड असते ना, तसे. पुढच्या वेळी चौकट काढाल तर हे पण घाला, जागा नसेल तर जपानच्या बाजूचा तो हसरा रोबोट काढा, त्याचा बातमीशी काही संबंध नव्हता.

आणि वाचकांसाठी तेवढं एक छापा. उन्हात लावलेल्या गाडीचा मीटर काळा पडला तर लगेच गॅरेजला पळू नका, गाडी सावलीत लावा, वर ओला रुमाल टाका आणि चहा पिऊन या. परत आल्यावर आकडे दिसले तर २,८०० रुपये वाचले. नाहीच दिसले तर मग मीटर खरंच गेलाय.

आपला,
एक निवृत्त रंगमास्तर,
अक्कलकोट रोड, सोलापूर